हवावशी

मसाला लावलेला कच्चा खिमा पोकळ रोटीच्या दोन पदरांमध्ये पसरून ती रोटी खिम्यासकट भट्टीत भाजली की जो पदार्थ तयार होतो, त्यास इजिप्तमध्ये हवावशी म्हणतात. या व्याख्येतील ‘कच्चा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आधी परतून शिजवलेला खिमा रोटीत भरला, तर रोटी आणि सारण हे दोन वेगळे पदार्थ केवळ शेजारी येतात. हवावशीत मात्र मांस रोटीच्या आतच शिजते, त्यातून सुटणारी चरबी आणि रस रोटीचा आतला पदर शोषून घेतो, आणि बाहेरचा पदर त्याच वेळी भट्टीच्या उष्णतेने कडक होत जातो. म्हणून हा पदार्थ मांसाचा म्हणून ओळखला जात असला, तरी त्याची परीक्षा खरे तर रोटीवर होते.

हवावशीचा उगम फार जुना नाही. प्रचलित माहितीनुसार अहमद अल्-हवावश नावाच्या कैरोतील खाटकाने १९७१ च्या सुमारास शहराच्या मध्यभागातील तौफिकिया बाजारात हा पदार्थ प्रथम विकण्यास सुरुवात केली, आणि त्याच्या आडनावाला अरबीतील संबंधदर्शक ‘ई’ प्रत्यय लागून ‘हवावशी’, म्हणजे ‘हवावशाचा’, असे नाव रूढ झाले. भाकरीत मांस भरून भाजण्याची कल्पना त्याआधी कोणाला सुचलीच नव्हती, असा याचा अर्थ घेण्याचे कारण नाही, कारण पूर्व भूमध्य प्रदेशात अशा पदार्थांची परंपरा मोठी आहे. परंतु एका खाटकाच्या दुकानाशी नाव जोडले गेल्याने या पदार्थाचा स्वभाव समजतो. दिवसभराच्या विक्रीतून उरणारे मांसाचे तुकडे आणि चरबी यांचा खिमा करून, त्यात कांदा आणि मसाला घालून, स्वस्त रोटीत भरून विकणे हा खाटकाच्या व्यवसायाशी सुसंगत असा उद्योग होय. आजही इजिप्तमधील अनेक खाटीक भरून तयार असलेली कच्ची हवावशी विकतात आणि गिऱ्हाईक ती घरी नेऊन भाजते.

या पदार्थाचा पाया असलेल्या रोटीला इजिप्तमध्ये ‘एश बलदी’ म्हणतात. इतर बहुतेक अरब देशांत भाकरीला ‘खुब्ज’ हा शब्द असताना इजिप्तच्या बोलीत ‘एश’ हा शब्द वापरला जातो, आणि त्याचा मूळ अर्थ ‘जगणे’ असा आहे. ‘बलदी’ म्हणजे देशी; मराठीतील ‘गावरान’ हा शब्द त्याच्या सर्वांत जवळ जाईल. कोंड्याचा बराच अंश राखलेल्या गव्हाच्या पिठाची, खमीर घालून आंबवलेली, सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाची ही गोल रोटी भाजताना खाली गव्हाचा कोंडा पसरतात. अत्यंत तापलेल्या भट्टीत तिचे दोन्ही पृष्ठभाग क्षणात घट्ट होतात, आतल्या ओलाव्याची वाफ बाहेर पडू न शकल्याने रोटी टम्म फुगते, आणि निवल्यावर दोन पदर सुटे असलेला खिसा हाती येतो. आपल्या फुलक्याचे फुगणे याच तत्त्वावर होते. फरक इतकाच, की फुलक्याचे पदर पापुद्र्यासारखे पातळ असतात, तर एश बलदीच्या आतल्या बाजूला आंबलेल्या पिठाचा जाळीदार, मऊ थर असतो. हवावशीतील चरबी शोषण्याचे काम हाच थर करतो.

इजिप्तमध्ये या रोटीला असलेले सार्वजनिक महत्त्व आपल्याकडील कोणत्याही एका खाद्यवस्तूला क्वचितच असेल. जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांच्या सरकारने खाद्यवस्तूंवरील अनुदान कमी करण्याची घोषणा करताच १८ आणि १९ जानेवारी रोजी देशभर दंगली उसळल्या आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. २०११ च्या उठावातील गाजलेल्या घोषणेतही ‘एश’ हा पहिला शब्द होता. स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय त्यानंतर आले. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या रोटीची किंमत तीन दशकांहून अधिक काळ पाच पियास्टर (इजिप्शियन पौंडाचा शंभरावा भाग म्हणजे एक पियास्टर) होती. ती जून २०२४ मध्ये वीस पियास्टर करण्यात आली. रोटी स्वस्त आणि मांस महाग अशा या अर्थव्यवस्थेत मूठभर खिमा दोन पदरांत पसरून त्याने पूर्ण जेवणाचे समाधान देणारा पदार्थ लोकप्रिय होणे स्वाभाविक होते.

हवावशीचे दोन प्रकार ठळकपणे ओळखले जातात. कैरोत रूढ असलेल्या प्रकारात तयार एश बलदी एका कडेने चिरून तिच्या खिशात कच्चा खिमा भरतात. अलेक्झांड्रियाच्या प्रकारात, ज्याला त्या शहराच्या अरबी नावावरून ‘इस्कंदरानी’ म्हणतात, तयार रोटी वापरत नाहीत. सैल मळलेल्या, खमीर घातलेल्या पिठाचा गोळा तेलाच्या हाताने थापून पातळ पसरतात, त्यावर खिमा घालून वरून दुसरा थर लावतात किंवा कडा आत मुडपून घेतात, आणि पीठ व मांस दोन्ही एकाच वेळी भाजले जातात. या प्रकारात रोटी खुसखुशीत होण्याऐवजी पावाकडे झुकते. कैरोचा प्रकार घरी करण्यास सोपा आणि चवीलाही अधिक रोखठोक आहे, हे प्रस्तुत लेखकाचे मत अलेक्झांड्रियाच्या रहिवाशाला मान्य होणार नाही.

मांस बहुधा गाईचे, म्हशीचे किंवा मेंढीचे असते, आणि अनेकदा त्यांचे मिश्रण असते. भारतातून निर्यात होणाऱ्या गोठवलेल्या म्हैसमांसाच्या मोठ्या ग्राहकांमध्ये इजिप्तची गणना होते, त्यामुळे कैरोतील एखाद्या हवावशीतील खिमा भारतातून आलेला असण्याची शक्यता पुष्कळच आहे. खिम्यात चरबीचे प्रमाण वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे तरी असावे लागते. मेंढीच्या रुंद शेपटीतील ‘लिय्या’ नावाची चरबी यासाठी उत्तम समजली जाते. दख्खनी मेंढीची शेपटी बारीक असल्यामुळे ही चरबी महाराष्ट्रात मिळत नाही. येथे मटणाचा खिमा घेताना खाटकाला त्यात वेगळी चरबी घालून एकदाच, जाडसर दळून देण्यास सांगावे. मांडीच्या निव्वळ मांसाचा खिमा आणल्यास हवावशी हमखास कोरडी होते, आणि मग तिला कितीही ताहिना, म्हणजे वाटलेल्या तिळाची पातळ चटणी, लावले तरी उपयोग होत नाही.

मसाल्यात मिरे, धणे, जिरे, दालचिनी, जायफळ आणि ऑलस्पाइस यांचे मिश्रण वापरतात. कोणी वेलदोडा किंवा सौम्य लाल मिरचीची पूड घालतात. ऑलस्पाइस हा नाव ऐकून मिश्रण वाटले तरी अमेरिका खंडातून आलेल्या एकाच झाडाचे वाळवलेले फळ आहे. भारतीय बाजारात त्याला काही वेळा कबाबचिनी म्हणून विकले जाते, पण खरी कबाबचिनी ही मिऱ्याच्या कुळातील वेगळी वनस्पती आहे. ऑलस्पाइस न मिळाल्यास लवंग, दालचिनी आणि जायफळ यांची थोडी पूड एकत्र करून काम भागते. याखेरीज बारीक चिरलेला कांदा, ढोबळी व तिखट मिरची, लसूण आणि इजिप्तमध्ये ‘बकदूनिस’ म्हटली जाणारी पार्स्ली हे घटक असतात. पार्स्लीऐवजी कोथिंबीर घालण्यास हरकत नाही. मात्र मराठी स्वयंपाकघरात सवयीने हात जातो त्या हळद, आले-लसणाचे वाटण आणि गरम मसाला या तिन्ही गोष्टी टाळणे इष्ट; त्या घातल्यास होणारा पदार्थ चविष्ट असेल, पण तो खिमा नानच्या जवळचा असेल.

घरी करताना पाच ते सहा रोट्यांसाठी अर्धा किलो खिमा पुरतो. त्यास दोन मध्यम कांदे, एक ढोबळी मिरची, दोन-तीन हिरव्या मिरच्या, तीन-चार लसूण पाकळ्या, मूठभर पार्स्ली, सव्वा चमचा मीठ, प्रत्येकी एक चमचा मिरपूड व धणेपूड, अर्धा-अर्धा चमचा जिरेपूड व ऑलस्पाइस, पाव चमचा दालचिनी आणि चिमूटभर जायफळ असे प्रमाण ठेवता येते. घरगुती हवावशी बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण कांद्याचे पाणी हे आहे. किसलेला कांदा तसाच खिम्यात गेला तर भट्टीत त्याचे पाणी सुटते, रोटीचा आतला पदर चरबी शोषण्याऐवजी ते पाणी शोषतो आणि लगद्यासारखा होतो. म्हणून कांदा बारीक चिरून अथवा किसून, त्याला थोडे मीठ लावून दहा मिनिटांनी मुठीत पिळून घ्यावा. परंतु तो पार चोथा होईपर्यंत पिळणेही चुकीचे आहे, कारण मांस मऊ राहण्यास थोडा ओलावा लागतोच. कांदा हाताला ओलसर लागावा, पण त्यातून थेंब पडू नये, इतके पाहिले म्हणजे झाले.

खिमा आणि मसाला बोटांनी हलकेच एकत्र करावा. कबाबासाठी करतात तसे मिश्रण मळू नये. मीठ घातलेले मांस मळल्याने त्यातील प्रथिने चिकट होऊन एकमेकांना धरून बसतात आणि भाजल्यावर रबरासारखी चिवट वडी तयार होते. हवावशीतील खिमा तुकडा मोडताच सुटा व्हायला हवा. रोटीच्या कडेला अर्ध्या परिघापर्यंत चीर देऊन आत खिमा घालावा आणि वरून तळहाताने दाबत तो कडेपर्यंत पसरवावा. थराची जाडी सुमारे एक सेंटिमीटर, शक्यतो त्याहूनही कमी ठेवावी. सढळ हाताने भरलेली जाड हवावशी दिसायला छान असते, पण तिच्यातील मांस शिजेपर्यंत रोटी करपते.

भरलेल्या रोटीला दोन्ही बाजूंनी तेल किंवा तूप लावून ती बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळावी आणि २०० अंश सेल्सिअसवर तापवलेल्या ओव्हनमध्ये वीस ते पंचवीस मिनिटे ठेवावी. कागदामुळे पहिल्या टप्प्यात वाफ कोंडून मांस शिजते व सुटलेली चरबी वाया न जाता रोटीतच परत मुरते. शेवटची पाच-सहा मिनिटे कागद उघडून ठेवला की वरचा पदर खरपूस होतो. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेने, वर जड झाकण दाबून, प्रत्येक बाजू सात ते आठ मिनिटे भाजता येते. खिम्याच्या बाबतीत मांस आतपर्यंत शिजणे हा केवळ चवीचा प्रश्न नाही. अखंड मांसात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, पण दळताना तो पृष्ठभाग सर्वत्र मिसळतो. त्यामुळे मध्यभागाचे तापमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत पोचलेच पाहिजे.

भारतात एश बलदी मिळत नसल्याने कणकेची तयार पिटा रोटी वापरता येते, परंतु रोटी घरी करणे अवघड नाही. चपातीची कणीक त्यासाठी चांगली चालते. तीनशे ग्रॅम कणकेस सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास कोमट पाणी, पाच ग्रॅम कोरडे यीस्ट आणि एक चमचा मीठ घालून चपातीपेक्षा बरीच सैल कणीक मळावी, ती दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावी, कोंड्यावर अर्धा सेंटिमीटर जाडीच्या रोट्या थापून पुन्हा वीस मिनिटे विसावू द्याव्यात, आणि ओव्हनच्या कमाल तापमानावर चांगल्या तापलेल्या पत्र्यावर टाकून तीन ते चार मिनिटे भाजाव्यात. रोटी रंग येण्याआधीच बाहेर काढावी, कारण तिला पुन्हा भाजायचे असते. घरातली उरलेली चपाती किंवा फुलका वापरून पाहण्याचा मोह होतो, पण त्यांचे पातळ पदर चरबीने फाटतात. पाव उलट इतका जाड असतो की चरबी त्याच्या तळापर्यंत पोचतच नाही.

सुजूक नावाच्या मसालेदार मांसाचे सारण घातलेली किंवा खिम्यावर चीज पसरलेली हवावशीही इजिप्तमध्ये विकली जाते. इजिप्तमधील कॉप्टिक या प्राचीन ख्रिस्ती समाजात वर्षातील दोनशेहून अधिक दिवस प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करणारे उपवास असतात, आणि त्या दिवसांसाठी सोयाबीनच्या खिम्याची ‘सियामी’, म्हणजे उपवासाची, हवावशी करतात. मराठी वाचकाला उपवासाला कांदा-लसणाचे सारण चालते हे विचित्र वाटेल, पण तेथील निषेध मांस, दूध आणि अंडी यांपुरता आहे. शाकाहारी घरात हाच मार्ग घेता येईल. मात्र सोयाबीनच्या खिम्यात चरबी जवळजवळ नसल्याने सारणात दोन-तीन चमचे तेल घालावे लागते.

सीरिया, लेबनॉन आणि पॅलेस्टाइनमधील ‘अरायिस’ हा हवावशीचा सर्वांत जवळचा नातेवाईक होय. तो निखाऱ्यावर भाजतात आणि त्याची रोटी पातळ असते. तुर्कस्तानातील लाहमाजून, म्हणजे खिमा पसरून भाजलेली पातळ रोटी, उघडा असतो. मुंबईच्या रस्त्यांवरील बैदा रोटी खिमा भरलेली असली तरी ती मैद्याच्या पातळ पोळीची चौकोनी घडी असते, तिला अंडे लावतात आणि तव्यावर तेलात तळतात; तिचा खिमाही बहुधा आधी शिजवलेला असतो.

हवावशी गरम असतानाच चार तुकडे करून ताहिना, लोणवलेल्या भाज्या म्हणजे ‘तोरशी’, आणि काकडी, टोमॅटो व कांद्याची कोशिंबीर यांसोबत खातात. भरलेली रोटी कच्ची ठेवायची असल्यास फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण तासाभरात रोटी ओलावते. एकेक कागदात गुंडाळून लगेच डीप फ्रीझरमध्ये टाकावी आणि बाहेर काढून वितळू न देता थेट ओव्हनमध्ये घालून नेहमीपेक्षा पंधराएक मिनिटे अधिक भाजावी.