मिडी एडिटर-लायब्रेरियन

मिडी एडिटर-लायब्रेरियन : सिंथेसायझर, ड्रम मशीन, ऑक्टोपॅड, इफेक्ट युनिट अशा मिडी उपकरणांच्या (मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक एकमेकांना जोडण्याची सामाईक रीत) पोटातली आवाजांची मांडणी संगणकाच्या पडद्यावर आणून बदलणारे, जपून ठेवणारे आणि हवी तेव्हा उपकरणात परत भरणारे सॉफ्टवेअर. ‘एडिटर’ एका वेळी एक आवाज घडवतो. ‘लायब्रेरियन’ असे शेकडो आवाज फायलींमध्ये लावून ठेवतो. दोन्ही कामे बहुतेक वेळा एकाच प्रोग्रॅममध्ये होतात, म्हणून हे जोडनाव. सिक्वेन्सर हा यापेक्षा वेगळा प्रकार. गवयाच्या भाषेत सांगायचे तर सिक्वेन्सर बंदिश लिहून घेतो आणि एडिटर तानपुऱ्याची जवारी काढतो.

गरज कशी पडली

१९७०च्या दशकातल्या सिंथेसायझरवर जवळजवळ प्रत्येक गोष्टीला स्वतःचा नॉब असे. आवाज कसा लावला आहे हे नॉबांकडे पाहूनच कळायचे. डिजिटल यंत्रे आली तशी आवाज ठरवणाऱ्या आकड्यांची संख्या वाढली आणि नॉब कमी झाले, कारण नॉबला पैसे पडतात आणि आकड्याला पडत नाहीत.

१९८३ साली आलेला यामाहाचा डीएक्स७ हे याचे ठळक उदाहरण. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) पद्धतीवर तो चालतो. यात लहरी काढणारे सहा घटक, म्हणजे ‘ऑपरेटर’, असतात आणि प्रत्येकाचे २१ आकडे. शिवाय सगळ्यांना मिळून आणखी १९. म्हणजे एका आवाजामागे १४५ आकडे आणि वर दहा अक्षरांचे नाव. हे सगळे पाहायला १६ अक्षरांच्या दोन ओळींचा पडदा, बदलायला एक स्लायडर आणि होय-नाहीची दोन बटणे. एका ऑपरेटरचा आकडा बदलला की त्याचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला, हे पाहायला पुन्हा बटणांची यात्रा. लिफाफ्याची (एन्व्हलपची), म्हणजे आवाज कसा चढतो-उतरतो त्याची, वक्ररेषा डोळ्यांना दिसतच नाही. आठ आकड्यांवरून ती मनात काढायची. बहुतेक वादकांनी हा नाद सोडला आणि कारखान्यातून आलेले आवाजच वाजवले, यात नवल नाही.

काही यंत्रांनी तर तेवढीही सोय ठेवली नाही. यामाहाचा टीएक्स७ म्हणजे पट्ट्या काढून डब्यात घातलेला डीएक्स७. त्याच्या दर्शनी भागावरून आवाज घडवताच येत नाही. ओबरहाइमच्या मॅट्रिक्स-१०००मध्ये हजार आवाज आहेत, त्यांतले २०० बदलता येतात, पण ते बदलायचे बाहेरून. अशा यंत्रांच्या बाबतीत एडिटर ही चैन राहत नाही. तो नसला तर यंत्र अर्धेच हाती येते.

तारेतून काय जाते

मिडी म्हणजे म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी १९८१ साली अशा सामाईक जोडणीचा प्रस्ताव मांडला. रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी जपानी कंपन्यांना एकत्र आणले. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यव्यापाराच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एकाच केबलने जोडून दाखवले गेले. या कामासाठी स्मिथ आणि काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळाले.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटायला वेळ लागतो. जातात ते नुसते आकडे : सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे ३,१२५ बाइट. स्वर दाबला, सोडला, व्हॉल्यूम इतका, पॅन (आवाजाची डावी-उजवी बाजू) इतका, असे छोटे निरोप. यांतले ‘कंट्रोल चेंज’ हे निरोप सर्वांना कळतात : ७ म्हणजे व्हॉल्यूम, १० म्हणजे पॅन, ६४ म्हणजे सस्टेन पेडल. किंमत ० ते १२७. एवढ्यावर बरेच काही साधते आणि अनेक नवी यंत्रे सगळे नॉब याच मार्गाने उघडे ठेवतात. ० ते १२७ या पायऱ्या फार ठळक वाटल्या, किंवा क्रमांक पुरले नाहीत, तर एनआरपीएन नावाची जोडवाट आहे. तिच्यात १६,३८४ पायऱ्या मिळतात.

पण एडिटरचा खरा रस्ता तिसरा : सिस्टिम एक्सक्लुझिव्ह, बोलण्यात ‘सिसेक्स’. २४० हा आकडा आला की निरोप सुरू, २४७ आला की संपला. मधल्या मजकुराचा अर्थ प्रत्येक कंपनीने आपापला ठरवायचा. २४० नंतर लगेच कंपनीचा क्रमांक येतो : रोलंड ६५, कोर्ग ६६, यामाहा ६७. ज्या यंत्राचा तो क्रमांक नाही ते निरोप कानाआड करते. १२५ हा क्रमांक शिक्षण आणि हौसेच्या कामासाठी मोकळा ठेवला आहे. घरी यंत्र बनवणाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

डीएक्स७च्या पहिल्या चॅनलला अल्गोरिदम (ऑपरेटर एकमेकांना जोडण्याची रीत) क्रमांक ५ लावायचा असेल, तर एडिटर तारेवर हे सात आकडे टाकतो : २४०, ६७, १६, १, ६, ४, २४७. यात १ आणि ६ मिळून १३४ वा आकडा (१२८ अधिक ६), आणि तो बदलून ४ करायचा. पाच नव्हे, चार. कारण यंत्र शून्यापासून मोजते. हे एकाने चुकणे नवशिक्या एडिटरकारांच्या वाट्याला हमखास येते. सात बाइट जायला सव्वादोन मिलिसेकंद लागतात. म्हणून पडद्यावरचा स्लायडर ओढताना आवाज हाताबरोबर बदलल्यासारखा वाटतो.

रोलंडची रीत निराळी. तिथे यंत्राच्या स्मृतीतल्या प्रत्येक जागेला पत्ता असतो आणि शेवटी पडताळ्याचा आकडा, म्हणजे चेकसम, जोडावा लागतो. जीएस (रोलंडचीच एक आवाजपद्धती) यंत्र मूळ स्थितीत आणणारा निरोप असा : २४०, ६५, १६, ६६, १८, ६४, ०, १२७, ०, ६५, २४७. पत्ता ६४, ०, १२७ आणि मजकूर ०. यांची बेरीज १९१. १२८ वजा केले की ६३ उरतात. ते १२८तून काढले की ६५. हा शेवटचा ६५ चुकला तर यंत्र निरोप टाकून देते. तिसऱ्या जागेवरचा १६ हा उपकरण क्रमांक. यंत्राच्या पडद्यावर तोच १७ दिसतो. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेले असते, पण तोवर बहुतेकांचा अर्धा दिवस गेलेला असतो.

डंप

एकेक आकडा पाठवणे निराळे आणि सगळा ऐवज एकदम पाठवणे निराळे. या दुसऱ्या प्रकाराला डंप म्हणतात. डीएक्स७च्या एका आवाजाचे १५५ बाइट दाबून १२८मध्ये बसवलेले असतात, कारण काही आकड्यांना एक-दोन बिटच लागतात. ३२ आवाजांची एक बँक, तिचे ४,०९६ बाइट, पुढची-मागची वेष्टने मिळून ४,१०४. तारेतून जायला सव्वा सेकंदाहून थोडे अधिक. आज एका छायाचित्रात अशा हजार बँका मावतील, पण जगभर फिरणारे डीएक्स७चे आवाज अजून याच ४,१०४ बाइटांच्या फायलींत असतात.

लायब्रेरियनचे काम यावरच चालते. तो यंत्राकडे मागणी करतो, यंत्र डंप पाठवते, तो नावे वाचून यादी दाखवतो, वादक हव्या त्या क्रमाने लावतो आणि नवी बँक परत जाते. ऐकायला सोपे, पण वाटेत अडथळे बरेच. डीएक्स७मध्ये ‘मेमरी प्रोटेक्ट’ चालू असेल तर आलेली बँक आत शिरत नाही. जुन्या यंत्रांचा तात्पुरता साठा, म्हणजे बफर, लहान असतो; पाठोपाठ निरोप आले तर ती गडबडतात. म्हणून मिडी-ऑक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक २४७ नंतर किती थांबायचे ते ठरवता येते. स्वस्तातल्या काही यूएसबी-मिडी केबल तर स्वर बिनचूक पोचवतात आणि लांब सिसेक्सचे मात्र मधले बाइट गाळतात. वाजवून पाहिले तर केबल ठणठणीत, त्यामुळे संशय शेवटपर्यंत यंत्रावरच राहतो.

दुसरी अडचण एडिट बफरची. एडिटरमधून केलेला बदल यंत्राच्या तात्पुरत्या प्रतीत होतो. तो कायम करायचा तर ‘स्टोअर’ किंवा ‘राइट’ वेगळे करावे लागते. तोवर दुसरा आवाज निवडला की रात्रभराचे काम गेले. आणि यंत्रावरचा नॉब कोणी हाताने फिरवला, पण यंत्राने ते कळवलेच नाही, तर पडदा एक सांगतो आणि कान दुसरेच ऐकतात. चांगला एडिटर ओळखायचा तो इथे. रंगीत नॉब कोणालाही काढता येतात. यंत्र आणि पडदा यांची सांगड सुटू न देणे अवघड असते.

प्रोग्रॅमांची पिढी

१९८५ साली आलेल्या अटारी एसटी संगणकात मिडीची भोके अंगचीच होती, त्यामुळे तो स्टुडिओंमध्ये लगेच रुळला. मॅकिंटॉशवर ऑपकोड कंपनीचा गॅलक्सी, मार्क ऑफ द युनिकॉर्नचा युनिसिन आणि पुढे ईमॅजिकचा साउंडडायव्हर यांनी ‘एकाच प्रोग्रॅममध्ये सगळी यंत्रे’ ही कल्पना रुजवली. साउंड क्वेस्टचा मिडी क्वेस्ट शेकडो यंत्रांची ओळख ठेवतो आणि आजही मिळतो. बाकीच्यांचे नशीब तितके बरे नव्हते. १९९८ साली गिब्सनने ऑपकोड घेतली आणि लवकरच तिचे काम थंडावले. २००२ साली ॲपलने ईमॅजिक घेतली आणि साउंडडायव्हर मागे पडला.

चाळीस वर्षांचा सिंथेसायझर आजही वाजतो, पण त्यासाठी लिहिलेला वीस वर्षांपूर्वीचा एडिटर नव्या संगणकावर उघडत नाही. यंत्राच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी छापलेले सिसेक्सचे तक्ते मात्र टिकतात, आणि त्यांच्या आधारावर कोणीतरी पुन्हा एडिटर लिहितो. ज्या कंपन्यांनी हे तक्ते छापले त्यांची यंत्रे वापरात राहिली. ज्यांनी दडवले त्यांच्या यंत्रांसाठी हौशी लोकांना एकेक बटण दाबून, तारेवर काय उमटते ते टिपत बसावे लागले.

सध्या हे काम मुख्यतः मुक्तस्रोत प्रकल्पांत चालते. कंट्रोलर या प्रोग्रॅममध्ये (याचे नाव इंग्रजीत Ctrlr असे, स्वराक्षरे गाळून लिहितात) वापरणाऱ्यांनी स्वतःच निरनिराळ्या यंत्रांचे पॅनेल बनवले आहेत. जॉर्ज मेसन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक शॉन ल्यूक यांचा जावा भाषेतला एडिसिन एक पाऊल पुढे जातो : तो आवाजांची आपसांत मिसळ करतो, थोडे-थोडे बदललेले नमुने पुढे ठेवतो आणि आवडलेल्यांवरून पुढची पिढी काढतो. १४५ आकड्यांपुढे हात टेकलेल्या माणसाने कानाने निवड करावी, ही यातली युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते. डेक्स्ड हा प्रोग्रॅम स्वतः डीएक्स७सारखा वाजतो आणि खऱ्या डीएक्स७चा एडिटर म्हणूनही चालतो.

ब्राउझरमध्ये चालणारे एडिटरही आले आहेत. क्रोममध्ये वेब-मिडी २०१५पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२२पासून. सफारीने ते घेतले नाही. त्यातून वापरणाऱ्याची ओळख पटवता येईल ही ॲपलची हरकत. सिसेक्ससाठी ब्राउझर वेगळी परवानगी मागतो, आणि ते योग्यच, कारण सिसेक्समधून काही यंत्रांचे मूळ फर्मवेअरही बदलता येते.

२०२०मध्ये स्वीकारलेल्या मिडी २.०मध्ये ‘प्रॉपर्टी एक्स्चेंज’ आहे. यात यंत्र स्वतःच आपली माहिती वाचता येईल अशा रूपात कळवते. जुन्या मिडीत ओळख विचारण्याचा एक सामाईक निरोप होता (२४०, १२६, १२७, ६, १, २४७), पण त्याला उत्तर म्हणून नाव-गाव तेवढे मिळे. पोटात काय आहे ते नाही.

ऑक्टोपॅड

महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा आणि बँजो पथकांमुळे ‘पॅच’ (यंत्रात जपलेली एक मांडणी) हा शब्द कीबोर्डवाल्यांपेक्षा ऑक्टोपॅडवाल्यांच्या तोंडी जास्त बसला. रोलंडच्या एसपीडी-२०मध्ये आठ पॅड आणि ९९ पॅच. कुठल्या पॅडवर ढोलकीची थाप, कुठे चाट, कुठे टाळ, हे प्रत्येक वादक आपल्या हाताप्रमाणे लावतो, आणि ती मांडणी हीच त्याची पुंजी असते. पॅच आणि टोन विकण्याचा धंदाही चालतो. एसपीडी-२०ला यूएसबी नाही, कार्डही नाही. मांडणी बाहेर काढायची तर मिडी आउटमधून डंप. पुढच्या एसपीडी-३०मध्ये पेनड्राइव्ह लागू लागला आणि तारेची कटकट गेली. ज्यांच्याकडे जुने यंत्र आहे त्यांनी डंप काढून ठेवलेला नसेल, तर यंत्र बिघडले की पुंजीही गेली.

जुन्या सिंथेसायझरची स्मृती आतल्या बॅटरीवर जगते. डीएक्स७मध्ये ती नाण्याएवढी लिथियम बॅटरी पाटीवर डाग देऊन बसवलेली असते. ती काढायची वेळ आली की आधी आठव्या फंक्शन बटणाने ‘सिस इन्फो’ चालू करतात. मग पडद्यावर ‘मिडी ट्रान्समिट?’ असा प्रश्न येतो आणि होयचे बटण दाबले की बँक संगणकात येते. नवी बॅटरी बसवल्यावर नावांच्या जागी अक्षरांचा कचरा दिसतो. मेमरी प्रोटेक्ट बंद करून तीच फाइल परत पाठवली की सव्वा सेकंदात बत्तीसही आवाज जागेवर येतात, आणि कारखान्याची पहिली बँक असेल तर अकराव्या बटणावर ‘ई. पियानो १’ पुन्हा वाजतो.