कोकण रेल्वेसाठी वेगळे महामंडळ का लागले?

कोकणात रेल्वे हवी ही मागणी जुनी. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली. तरीही १९८६ पर्यंत गाडी कशीबशी रोह्यापर्यंत पोहोचली होती. याचे खापर सहसा सह्याद्रीवर फोडले जाते. रेल्वेच्या कारभाराची घडीही त्याला तितकीच जबाबदार होती, पण ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत, सिग्नल, वाहतूक, लेखा अशी रेल्वेची खाती वेगवेगळी. तेव्हा प्रत्येकाची बढतीची शिडी स्वतंत्र होती, आणि ती थेट दिल्लीच्या रेल्वे बोर्डापर्यंत जायची. रोज हजारो गाड्या चालवायला ही कार्यात्मक रचना ठीक. मात्र नवा मार्ग बांधताना फाईल खात्याखात्यांत फिरत राहते आणि कामाच्या अखेरच्या तारखेला कोणी एक वाली उरत नाही. त्यात पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून, देशभरच्या प्रकल्पांत वाटून यायचा.

१९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते, तेव्हा यातून वाट निघाली. जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ५१ टक्के भागभांडवल केंद्राचे, २२ महाराष्ट्राचे, १५ कर्नाटकाचे, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. बांधकामाला याशिवाय लागणारा बराचसा पैसा कर्जरोखे विकून उभारला. रेल्वे बोर्डातून निवृत्त झालेले ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले.

त्यांनी मार्गाचे सात विभाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी. प्रत्येकी साधारण शंभर किलोमीटर, प्रत्येकावर एक चीफ इंजिनियर. आपल्या पट्ट्याचा जाब त्यानेच द्यायचा. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत जिला प्रकल्पाधिष्ठित रचना म्हणतात, ती हीच. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल ही अभियांत्रिकीची करामत खरीच. पण जागेवरच निर्णय होत नसते तर ती कागदावरच राहिली असती, असे मला वाटते.

रचनेने सगळेच सुटले असेही नाही. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन पेटले. पेडण्याच्या बोगद्यात माती ढासळत राहिली आणि काम अखेरपर्यंत अडले. जानेवारी १९९८ मध्ये एकदाची सलग वाहतूक खुली झाली.

प्रकल्पासाठी केलेली व्यवस्था प्रकल्प संपल्यावर साधारणतः मोडायची असते. इथे तिनेच पुढे गाड्या चालवायला घेतल्या, तेही डोक्यावर रोख्यांचे कर्ज घेऊन. दुपदरीकरणासारख्या मोठ्या कामांना पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न त्यातूनच आला. २०२५ मध्ये महाराष्ट्राने महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली, ती 'कोकण रेल्वे' हे नाव कायम ठेवण्याच्या अटीवर.