रसायनशास्त्र, पदव्युत्तर अध्ययन (सातारा-सांगली)

तीन वर्षांच्या बी. एस्सी.नंतरचा दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम. पदवी एम. एस्सी.; बोलण्यात विशेष विषय जोडून ‘एमेस्सी ऑरगॅनिक’, ‘एमेस्सी अ‍ॅनालिटिकल’ असे म्हणतात.

या अध्ययनाचा स्थानिक आरंभ दोन प्रकारे मोजता येतो. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय (१९१९) आणि साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय (१९४७) यांच्या स्थापनावर्षांवरून तो मागे नेता येईल. पण महाविद्यालय निघणे वेगळे आणि तेथे पदव्युत्तर वर्ग निघणे वेगळे. पदवी विद्यापीठ देते, म्हणून संलग्नतेचा क्रम धरणे अधिक सयुक्तिक वाटते: आधी मुंबई, १९४९च्या सुमारास पुणे, आणि १९६२पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. जुन्या नोंदींत ‘सातारा जिल्हा’ या नावाखाली तासगाव, वाळवा, खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुकेही येतात, हे ध्यानात ठेवावे. १९४९मध्ये वेगळा झालेला दक्षिण सातारा जिल्हा १९६०मध्ये सांगली झाला. रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातील तीन महाविद्यालये २०२१मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात एकत्र आली.

पहिल्या वर्षी अकार्बनी, कार्बनी, भौतिक व वैश्लेषिक या चारही शाखा असतात. विशेष विषय साधारणतः दुसऱ्या वर्षी येतो. कार्बनी शाखेच्या प्रात्यक्षिकात तीन घटकांच्या मिश्रणाचे पृथक्करण हा कसोटीचा भाग. मिश्रण ईथरमध्ये विरघळवून आधी सोडियम बायकार्बोनेटच्या विद्रावाने हलवतात; कार्बॉक्सिलिक अम्ल बुडबुडे सोडत जलीय थरात उतरते. मग सोडियम हायड्रॉक्साइडने फिनॉल काढतात. क्रम उलटा केल्यास दोन्ही एकदमच उतरतात, कारण हायड्रॉक्साइड दोन्हींना ओढते, बायकार्बोनेट फक्त तीव्र अम्लाला: बेंझोइक अम्लाचा पीकेए (अम्लाची तीव्रता सांगणारा अंक; जितका कमी तितके अम्ल तीव्र) सु. ४.२, तर फिनॉलचा सु. १० असतो. पिक्रिक अम्ल मात्र रचनेने फिनॉल असूनही बायकार्बोनेटमध्येच जाते. वितळबिंदूवर एकट्याने विसंबणेही धोक्याचे: बेंझोइक अम्ल १२२° से.ला वितळते आणि बीटा-नॅफ्थॉलही जवळपास तेथेच. दोन्ही एकत्र करून वितळवल्यास बिंदू खाली येतो, आणि वेगळेपण उघड होते. वर्णपटमापक यंत्रे आल्यापासून पृथक्करणाची ही पद्धत जुनी ठरवली जाते. पण अम्ल-अल्कलीचा हिशेब हातात बसायला तिच्याइतके चांगले साधन नाही.

तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षे, चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्ष, अशी सोय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये आहे. संशोधन प्रकल्पासाठी सांगलीची हळद सोयीची. तिच्यातील कर्क्युमीन अल्कोहोलमध्ये काढून सु. ४२५ नॅनोमीटरवर मोजता येते. ‘कमवा व शिका’ योजनेतून शिकणारी मुले रयतच्या महाविद्यालयांत असतात.

पदवीनंतर काही जण साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत जातात, पण तेथील काम बरेचसे गळीत हंगामावर अवलंबून असते. इतर कुरकुंभ, महाड, लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांकडे वळतात. महाविद्यालयीन अध्यापनासाठी साधारणतः नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते.