पीटर स्नेलच्या वेगामागचा दम

ऑलिंपिक जवळ आलं की 800 आणि 1500 मीटर दोन्ही एकाच वेळी कुणी जिंकेल का ही चर्चा हमखास निघते, आणि ती निघाली की पीटर स्नेलचं नाव येतंच. 1964 ला टोकियोत न्यूझीलंडच्या या गड्यानं दोन्ही गोल्ड घेतले आणि त्यानंतर पुरुषांमध्ये आजतागायत ते कुणाला जमलेलं नाही. सेबॅस्टियन को सारखा माणूस मॉस्को आणि लॉस एंजेलिस दोन्हीकडे 1500 जिंकला, पण 800 ला दोन्ही वेळा सिल्व्हरवर अडकला. स्टीव्ह ओव्हेटनं मॉस्कोत 800 मारली तर 1500 ला ब्राँझ. बायकांमध्ये कझांकिना, मास्टरकोवा, केली होम्स यांनी करून दाखवलंय, पुरुषांमध्ये मात्र स्नेलनंतर ती जागा रिकामीच आहे.

स्नेल 12 डिसेंबर 2019 ला डॅलसमध्ये गेला, 81 वा वाढदिवस पाच दिवसांवर होता. त्याची आठवण काढताना मेडल आणि टायमिंग पुढे येतात ते साहजिकच आहे. पण मला त्याच्या कहाणीत सगळ्यात भारी वाटतं ते हे की ज्या ट्रेनिंगनं तो घडला ते नेमकं कशामुळे काम करतं हे त्या काळात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, अगदी त्याच्या कोचलाही, आणि पुढे वयाची तिशी ओलांडल्यावर स्नेल स्वतः कॉलेजात जाऊन बसला आणि त्याचा माग काढत राहिला. हे समजायचं तर थोडं मागं जायला लागतं.

1930 पासून युरोपात मिडल डिस्टन्सचं ट्रेनिंग म्हणजे हळूहळू इंटर्व्हल असं समीकरण होत गेलं. जर्मन कोच वोल्डेमार गेर्श्लर यानं ती पद्धत शास्त्रशुद्ध केली आणि त्याचा रनर रुडॉल्फ हार्बिग 1939 मध्ये मिलानला 800 मीटर 1:46.6 मध्ये धावला. तो रेकॉर्ड सोळा वर्षं टिकला, 1955 मध्ये बेल्जियमच्या रॉजर मोन्सनं ऑस्लोत 1:45.7 केले तेव्हा तुटला. त्यामुळे 800 वाल्यानं ट्रॅकवर छोटे छोटे तुकडे जोरात मारायचे, मध्ये थोडी विश्रांती घ्यायची आणि पुन्हा मारायचे, हेच बरोबर असं सगळे धरून चालले होते. 800 वाल्याला डोंगरात दोन-अडीच तास पळायला लावणं म्हणजे त्याचा स्पीड मारणं, असा पक्का समज.

आणि तिकडे पार जगाच्या दुसऱ्या टोकाला, ऑकलंडच्या ओवायराका भागात आर्थर लिडियार्ड नावाचा एक बुटांच्या फॅक्टरीत काम करणारा माणूस नेमकं हेच करायला लावत होता. हा काही शिकलेला फिजिऑलॉजिस्ट नव्हता. रग्बी खेळून आपण फिट आहोत असं त्याला वाटायचं, एकदा एका जुन्या रनरबरोबर काही मैल पळताना पार धाप लागली आणि मग तो वेडापिसा होऊन स्वतःवरच प्रयोग करत बसला, किती पळलं की शरीर बिघडतं, किती पळलं की सुधारतं, हे सगळं स्वतःच्या पायांवर. कुटुंब सांभाळायला जोडीला दूध पोचवायचं कामही केलं. 1953 आणि 1955 मध्ये न्यूझीलंडची मॅरेथॉन चॅम्पियनशिपही जिंकला. या सगळ्यातून त्याला जे सापडलं ते असं, की आधी कित्येक आठवडे आठवड्याला 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर, दमानं पण सलग पळायचं, मग टेकड्यांवर चढणीची उडती धाव, मग ट्रॅकवर स्पीड, आणि शेवटी मोठ्या रेसच्या दिवशी बरोबर टिपेला पोचायचं. आणि हे फक्त मॅरेथॉनवाल्यांना लागू नाही तर 800 वाल्यालाही तोच पाया, हा त्यातला खरा धाडसाचा भाग.

स्नेल त्याच्याकडे आला तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा होता. 17 डिसेंबर 1938 ला ओपुनाके या छोट्या गावात जन्म, लहानपणी टेनिसचं वेड, दिवसा बांधकामाच्या खर्चाचे हिशेब करणारी क्वांटिटी सर्व्हेयरची नोकरी. अंगानं जाडजूड, वजन 80 किलोच्या आसपास, रनर म्हटल्यावर डोळ्यासमोर जो काटकुळा माणूस येतो तसा अजिबात नाही. लिडियार्डनं त्याचा मूळचा वेग बघितला आणि ओळखलं की याच्याकडे स्पीड आहे, तो शेवटपर्यंत टिकवायला दम लागेल तेवढा फक्त घालायचाय. मग रविवारी त्याची रवानगी वायटारुआच्या रूटवर. ऑकलंडच्या पश्चिमेला वायटाकेरेच्या डोंगरातून जाणारा हा 22 मैलांचा फेरा, चढण संपता संपत नाही असा. तिथे बरोबर कोण, तर मरे हालबर्ग, बॅरी मॅगी, बिल बेली, म्हणजे लांब पल्ल्याचे तगडे लोक. त्यांच्या मागे हा 800 वाला फरफटत. सगळे आपापल्या नोकऱ्या करून पळणारे, पैसा कुणालाच नाही.

1960 च्या रोममध्ये स्नेलचं नाव घरच्या लोकांशिवाय फार कुणाला माहीत नव्हतं. तीन दिवसांत चार रेस, हीट, क्वार्टर, सेमी, फायनल. हीच गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली असं माझं मत आहे, कारण बाकीचे दर रेसगणिक थकत गेले आणि हा तसाच्या तसा. 2 सप्टेंबरच्या फायनलमध्ये मोन्स शेवटच्या सरळ पट्ट्यात पुढे होता, मागून कोण येतंय ते बघायला उजवीकडे वळून बघत होता आणि स्नेल आतल्या बाजूनं घुसला. 1:46.3, ऑलिंपिक रेकॉर्ड. त्यानं डोळे मिटून स्वतःला लाईनवर झोकून दिलेलं, त्यामुळे जिंकलं कोण हे त्यालाच कळलं नव्हतं, त्यानं मोन्सलाच विचारलं आणि मोन्सनं सांगितलं की तूच. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच मैदानावर हालबर्गनं 5000 मीटरचं गोल्ड मारलं, रग्बीत जखमी होऊन डावा हात निकामी झालेला हा माणूस तीन लॅप राहिलेले असताना एकटा सुटला आणि कुणाच्या हाती लागला नाही. आणि त्याच ऑलिंपिकमध्ये मॅगीला मॅरेथॉनचं ब्राँझ. एकाच कोचचे, जवळपास एकाच मोहल्ल्यातले तिघं, 800 पासून मॅरेथॉनपर्यंत! जगभरच्या कोचेसचे कान तिथे टवकारले.

पण माझ्या मते खरा कळस 1962 च्या सुरुवातीच्या त्या एका आठवड्यात आहे. त्याच्या आधीच्या डिसेंबरात स्नेल चक्क एक अख्खी मॅरेथॉन पळला होता, 2 तास 41 मिनिटांत. विचार करा, 800 चा ऑलिंपिक चॅम्पियन आणि रेकॉर्डच्या तयारीत 42 किलोमीटर! मग 27 जानेवारीला वांगानुईच्या कुक्स गार्डन्सवर माईलची रेस होती. ट्रॅक गवताचा, आणि तोही पूर्ण 440 यार्डांचा नाही, 385 यार्डांचा, म्हणजे माईलसाठी साडेचारपेक्षा थोडे जास्त लॅप आणि वळणं जास्त. न्यूझीलंडच्या मातीवर तोपर्यंत कुणी चार मिनिटांच्या आत माईल पळालेलं नव्हतं, लोक तेवढंच बघायला आले होते. माईलचे तीन क्वार्टर, म्हणजे पाऊण माईल, झाले तेव्हा घड्याळ तीन मिनिटांच्या जेमतेम आत, म्हणजे चार मिनिटांचं काम होईल एवढंच दिसत होतं. पुढचा क्वार्टर स्नेल 55 सेकंदांच्या आसपास पळला आणि टायमिंग आलं 3:54.4. हर्ब एलियटचा 1958 चा डब्लिनमधला वर्ल्ड रेकॉर्ड 3:54.5 होता, तो एका दशांशानं गेला.

पुढच्याच शनिवारी, 3 फेब्रुवारीला, क्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्कवर 880 यार्डांची रेस. 880 यार्ड म्हणजे 800 मीटरपेक्षा साधारण पावणेपाच मीटर जास्त, त्यामुळे दोन ठिकाणी टायमर उभे केले होते, एक 800 मीटरच्या खुणेवर, एक शेवटी. पहिला लॅप 51 च्या आसपास, आणि नंतरही हा मंदावतोय असं काही दिसेना. 800 मीटरला 1:44.3, 880 यार्डांना 1:45.1, एकाच धावेत दोन वर्ल्ड रेकॉर्ड. मोन्सच्या टायमिंगवरून एकदम 1.4 सेकंद कमी, आणि 800 मध्ये एवढी मोठी झेप म्हणजे काय हे पळणाऱ्यांना विचारा. तेही गवतावर! आज असले ट्रॅक शाळेच्या स्पोर्ट्सलाच दिसतात, तिथे वर्ल्ड रेकॉर्ड ही कल्पनाच कुणी करत नाही.

तो 1:44.3 पुढे किती टिकला बघा. 1968 ला मेक्सिकोत ऑस्ट्रेलियाच्या राल्फ डाउबेलनं बरोबरी केली, 1972 ला अमेरिकेच्या डेव्ह वॉटलनं बरोबरी केली, आणि शेवटी 1973 मध्ये मिलानला इटलीच्या मार्सेलो फियास्कोनारोनं 1:43.7 करून तो मोडला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, डाउबेलचा कोच फ्रान्झ स्टाम्पफल हा इंटर्व्हलवाला होता, म्हणजे दुसऱ्या वाटेनंही लोक तिथे पोचले. फक्त सहा वर्षांनी आणि सिंथेटिक ट्रॅकवर.

टोकियोबद्दल तर बरंच बोललं जातं, त्यामुळे थोडक्यात. 1964 ला स्नेल न्यूझीलंडचा झेंडा घेऊन उद्घाटनात चालला, आठ-नऊ दिवसांत सहा रेस धावला. 800 च्या फायनलमध्ये दुसऱ्या लॅपला तो आतल्या बाजूला अडकला, पुढे भिंत, बाजूला भिंत, मग सरळ वेग कमी करून मागे आला, बाहेरून वळसा घातला आणि सगळ्यांना मागे टाकून 1:45.1 मध्ये जिंकला. एवढी मोठी रेस आणि त्यात मागे यायची हिंमत, हे फक्त ज्याला आपल्या उरलेल्या दमाची खात्री असते तोच करू शकतो. कॅनडाचा बिल क्रोदर्स दुसरा आणि केनियाचा विल्सन किप्रुगुट तिसरा, केनियाचं ते पहिलंवहिलं ऑलिंपिक मेडल, म्हणजे पुढच्या साठ वर्षांचा मिडल डिस्टन्सचा इतिहास त्याच पोडियमवर तिसऱ्या पायरीला उभा होता. 1500 तर स्नेलनं अगदी आरामात जिंकली, चेकोस्लोव्हाकियाचा ओडलोझिल दुसरा आणि स्नेलचाच देशबंधू जॉन डेव्हिस तिसरा. परत आल्यावर नोव्हेंबरात 1000 मीटरचा 2:16.6 आणि माईलचा 3:54.1 असे आणखी दोन वर्ल्ड रेकॉर्ड. आणि 1965 मध्ये, वयाच्या सव्वीसाव्या वर्षी, रिटायर.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, पुढची कमी. काही वर्षं कंपनीच्या नोकरीत घालवल्यावर 1970 च्या दशकात स्नेल अमेरिकेत गेला, डेव्हिस गावातल्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत पदवी घेतली, मग वॉशिंग्टन स्टेटमधून एक्सरसाइज फिजिऑलॉजीत पीएचडी, आणि 1981 पासून डॅलसच्या यूटी साउथवेस्टर्न मेडिकल सेंटरमध्ये रिसर्च. शाळेत अभ्यासात यथातथाच असलेला मुलगा, घरात तीन ऑलिंपिक गोल्ड, आणि हा वयानं लहान पोरांबरोबर बाकावर बसून बायोकेमिस्ट्री शिकतोय. मला तर हे टोकियोपेक्षा कमी वाटत नाही.

आणि तिथे त्याला वायटारुआचं उत्तर मिळालं. आपल्या स्नायूंमध्ये सावकाश चालणारे आणि झटक्यात चालणारे असे दोन्ही तंतू असतात. मध्यम वेगानं पळायला सुरुवात केली की आधी सावकाशवाले कामाला लागतात, पण दीड-दोन तास झाले की त्यांच्यातलं ग्लायकोजेन, म्हणजे इंधन म्हणून साठवलेली साखर, संपत येतं आणि मग शरीर झटकेवाल्या तंतूंना कामाला बोलावतं. म्हणजे जे तंतू एरवी फक्त स्प्रिंटमध्ये वापरले जातात त्यांनाच लांब पळण्याच्या शेवटच्या टप्प्यात ऑक्सिजन वापरायची सवय लागते. स्नेल म्हणायचा की 800 वाल्याला लांब पळण्याचा फायदा होतो तो या वाटेनं. 800 मीटरमध्ये लागणाऱ्या ऊर्जेतला निम्म्याहून जास्त वाटा ऑक्सिजनच्या जोरावर येतो हे आज सर्वमान्य आहे, 1960 मध्ये बहुतेक लोक ती लांबलेली स्प्रिंट समजत होते. लिडियार्डनं हे नुसत्या अनुभवानं पकडलं होतं, त्याच्याकडे ना लॅब ना मायक्रोस्कोप.

प्रेरणा म्हणाल तर ती फक्त चॅम्पियन लोकांपुरती राहिली नाही. 1962 मध्येच ऑकलंडमध्ये लिडियार्डच्या पुढाकारानं जॉगर्स क्लब सुरू झाला, त्यात हार्टचा त्रास झालेली माणसंसुद्धा होती, ज्यांना त्या काळात डॉक्टर पडून राहा सांगायचे. त्या वर्षअखेर अमेरिकेतल्या ओरेगॉनचा कोच बिल बाउअरमन तिथे आला, लिडियार्डनं त्याला रविवारच्या ग्रुपबरोबर पळायला नेलं, आणि पन्नाशी ओलांडलेला हा नामवंत कोच इतका मागे पडला की सत्तरीतला एक गृहस्थ त्याला सोबत म्हणून गप्पा मारत मागे थांबला. बाउअरमननं घरी जाऊन जॉगिंगचे वर्ग सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि अमेरिकेत जॉगिंगची लाट आली त्यामागे ही ट्रिप आहे. लिडियार्ड पुढे फिनलंडलाही कोचेसना शिकवायला गेला, आणि 1972, 1976 ला तिथल्या लासे व्हिरेननं दोन्ही ऑलिंपिकमध्ये 5000 आणि 10000 मीटर जिंकले त्याची मुळं तिथल्या कोचेसनी त्याच्याकडून घेतलेल्या शिकवणीत सापडतात.

घरच्या मैदानावर म्हणाल तर जॉन वॉकर, रॉड डिक्सन, डिक क्वॅक्स ही पिढी स्नेल-हालबर्गच्या गोष्टी ऐकत वाढली. वॉकर 1975 ला गोथेनबर्गमध्ये 3:49.4 करून माईल 3:50 च्या आत पळणारा पहिला माणूस ठरला आणि पुढच्या वर्षी माँट्रियलला 1500 चं गोल्ड घेऊन आला. नंतर निक विलिसची 1500 मधली दोन ऑलिंपिक मेडल. 2000 मध्ये देशानं स्नेलला शतकातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, 2009 मध्ये सर ही पदवी मिळाली, वांगानुई आणि ओपुनाके दोन्हीकडे त्याचे पुतळे आहेत. आणि तो स्वतः? साठी उलटल्यावर हातात नकाशा-कंपास घेऊन जंगलात पळायच्या ओरिएन्टिअरिंगमध्ये अमेरिकेत आपल्या वयोगटात जिंकला, आणि 2017 ला ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये टेबल टेनिस खेळायला हजर.

लँकेस्टर पार्कवरचा तो 1:44.3 न्यूझीलंडचा नॅशनल रेकॉर्ड म्हणून मात्र टिकून राहिला. स्पाइक्स बदलले, ट्रॅक बदलले, 2011 च्या भूकंपात ते स्टेडियमसुद्धा निकामी झालं आणि नंतर पाडलं गेलं, तरी रेकॉर्ड तिथंच. शेवटी 2024 मध्ये जेम्स प्रेस्टननं जर्मनीत 1:44.04 करून तो मोडला, 62 वर्षांनी, आणि फरक साधारण पाव सेकंदाचा.