जागेवरची सायकल आणि गाण्याचा परवाना

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यालगतच्या संकुलांच्या आसपास आणि तिकडे नवी मुंबईत वाशी, सीवूड्स, खारघरच्या पट्ट्यात व्यायामाच्या बाबतीत लोकांची आवड बदलते आहे. वर्षाची फी भरून मोठ्या जिमचे सभासद होण्याऐवजी एकाच प्रकारच्या व्यायामाला वाहिलेली छोटी खोली अनेकांना जवळची वाटते. संगीताच्या ठेक्यावर जागच्या जागी सायकल चालवण्याचे वर्ग हा त्यातलाच एक प्रकार. दिवे मालवलेले, स्पीकर मोठे, आणि चढ कधी, वेग कधी, दम कधी घ्यायचा हे सगळे गाण्यांच्या क्रमाने ठरलेले. पहिला वर्ग करून बाहेर पडणारा माणूस पायांबद्दल बोलण्याआधी गाण्यांबद्दल बोलतो. म्हणूनच या प्रकाराची पार्श्वभूमी सांगताना यंत्रापेक्षा संगीताकडे जास्त पाहावे लागते, आणि संगीताकडे पाहू लागलो की परवान्याचा प्रश्न समोर येतो.

यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगता येते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या एका सायकलपटूने १९८०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिस परिसरात लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या तयारीसाठी स्वतःच जागेवरची सायकल बनवली आणि मग तिच्यावर वर्ग घ्यायला सुरुवात केली. १९९०च्या दशकाच्या मध्यावर एका जुन्या अमेरिकन सायकल कंपनीने तसे यंत्र बाजारात आणले आणि ते जगभरच्या जिममध्ये पोचले. पुढे फ्लायव्हील म्हणजे जड चाक, ते पॅडलला थेट जोडलेले आणि हाताशी रेझिस्टन्सचा, म्हणजे पॅडल जड-हलके करण्याचा नॉब, अशी त्याची रचना. फ्लायव्हील फिरत असेपर्यंत पॅडलही फिरत राहतात. रस्त्यावरच्या सायकलीसारखे पाय सोडून बसता येत नाही. नवख्याने पहिल्या दिवशी सर्वात आधी शिकायची गोष्ट हीच: थांबायचे असेल तर नॉब खाली दाबायचा.

आजच्या स्टुडिओतले वातावरण मात्र २००६नंतरचे. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या एका स्टुडिओने अंधार, मेणबत्त्या, हातात छोटी डंबेल्स आणि ठेक्यावर बसवलेल्या हालचाली यांची सांगड घातली. सभासदत्वाऐवजी प्रत्येक वर्गाचे वेगळे पैसे घेण्याची पद्धतही तिथेच रुजली. जुन्या पद्धतीच्या प्रशिक्षकांना हे आवडले नाही. हँडलवर पुश-अप मारणे, सायकलवर बसून वजने उचलणे यातून ताकद वाढत नाही, उलट पाठ आणि खांदे दुखावतात, असा त्यांचा आक्षेप होता आणि आजही आहे. मला त्यांचे बरेचसे पटते. पण माणसे वर्गाला परत येतात ती ठेक्यासाठी, हेही तितकेच खरे.

ठेक्याचा आणि पायांचा संबंध ही काही स्टुडिओवाल्यांची जाहिरात नाही. १९११ साली न्यूयॉर्कमधल्या सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीची एक नोंद प्रसिद्ध झाली: बँड वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी सुमारे ३१.५ किलोमीटर होता, बँड थांबल्यावर तो २८.८वर येत होता. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१०मध्ये, एका ब्रिटिश प्रयोगात १२ तरुणांना न सांगता गाण्यांची गती १० टक्के वाढवली गेली. त्यांनी कापलेले अंतर २.१ टक्के आणि लावलेली ताकद ३.५ टक्के वाढली. गती १० टक्के कमी केली तेव्हा ताकद तब्बल ९.८ टक्क्यांनी घसरली. वाढीपेक्षा घसरण मोठी आहे, हे लक्षात घेण्याजोगे. वर्गात एक मरगळलेले गाणे लागले की सगळी खोली का ढेपाळते, ते यातून कळते.

इन्स्ट्रक्टरचे गणित साधे असते. प्रत्येक ठोक्याला एक पाय खाली, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गाण्यावर पॅडलचे ६४ फेरे होतात. त्यावर नॉब घट्ट करून चढ घेता येतो. १८० ठोक्यांवर ९० फेरे, म्हणजे सपाट रस्त्यावरची धाव. आपल्याकडच्या वर्गांत हिंदी चित्रपटगीते आणि पंजाबी पॉप यांचा भरणा असतो. पण आगरी-कोळ्यांच्या या मुलुखात एखाद्या इन्स्ट्रक्टरने कोळीगीत किंवा ढोल-ताशा लावला, की बाकी सूचना द्याव्या लागत नाहीत.

रस्ता सोडून लोक खोलीत का आले, याचे उत्तर इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. जून ते सप्टेंबर पाऊस. घोडबंदरवर मेट्रोची कामे आणि अवजड ट्रक. येऊरचा चढ सुंदर आहे, पण तिथवर पोचेपर्यंत रहदारीतून जावे लागते. पाम बीच रस्ता पहाटे सायकलवाल्यांचा लाडका, आणि त्याच भागात, नेरुळला, फेब्रुवारी २०२४मध्ये एका ज्येष्ठ सायकलपटूचा कॅबच्या धडकेने मृत्यू झाला. त्यानंतर घरच्यांच्या आग्रहाखातर सायकल आत घेणाऱ्यांना कोणी भित्रे म्हणू नये.

करोनाच्या काळात या वर्गांची कोंडी झाली. मार्च २०२०मध्ये बंद झालेल्या जिम महाराष्ट्रात थेट त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, उघडल्या, आणि त्याही झुंबा, योगासारख्या सामूहिक वर्गांना वगळून. ज्यांच्याकडे सामूहिक वर्गाखेरीज काहीच नव्हते, त्यांच्यासाठी ते उघडणे नावापुरतेच होते. २०२१च्या एप्रिलमध्ये पुन्हा टाळे लागले. याच काळात घरी सायकल आणून पडद्यावरच्या वर्गाबरोबर चालवण्याची पद्धत जगभर फोफावली.

आता गाण्याचा प्रश्न. एखाद्या गाण्यात कायद्याच्या नजरेने तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. भाड्याच्या गाळ्यात पैसे घेऊन वर्ग चालवणारा स्टुडिओ ते गाणे लावतो तेव्हा ते सार्वजनिक वादन ठरते आणि त्यासाठी परवाना लागतो. मोबाइलवरच्या संगीत ॲपची वैयक्तिक वर्गणी भरली म्हणजे भागले, असे बरेच जण समजतात, पण ती वर्गणी खासगी ऐकण्यापुरतीच असते. घरबसल्या वर्ग विकणाऱ्या सर्वात मोठ्या अमेरिकन कंपनीवर मार्च २०१९मध्ये संगीत प्रकाशकांनी १५ कोटी डॉलरचा दावा लावला, तेव्हा तिला असंख्य जुने वर्ग काढून टाकावे लागले. तो वाद फेब्रुवारी २०२०मध्ये तडजोडीने मिटला.

आपल्याकडचा गुंता वेगळा आहे: परवाना कोणाकडून घ्यायचा? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा कायम राहावा, हा तिचा गाभा, आणि तो शंभर टक्के न्याय्य आहे. ज्यांच्या शब्दांवर आणि चालींवर आपण घाम गाळतो, त्यांना त्याचा मोबदला मिळायलाच हवा. एप्रिल २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओ केंद्रांच्या प्रकरणात अंतरिम आदेश देताना ध्वनिमुद्रणाखेरीज शब्द आणि चालींसाठी वेगळी रॉयल्टी द्यावी लागेल, असे म्हटले. म्हणजे एकाच गाण्यासाठी एकाहून अधिक दारे.

ध्वनिमुद्रणाच्या दारावर तर न्यायालयांतच एकमत नाही. कायद्याचे कलम ३३ सांगते की परवाने देण्याचा व्यवसाय नोंदणीकृत कॉपीराइट संस्थेनेच, म्हणजे अनेक हक्कधारकांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थेनेच करायचा. कलम ३० सांगते की हक्काचा मालक स्वतः परवाना देऊ शकतो. अनेक कंपन्यांची गाणी स्वतःच्या नावावर करून घेतलेली एखादी संस्था मालक मानायची की व्यवसाय करणारी? डिसेंबर २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कलम ३३कडे कौल दिला. २४ जानेवारी २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नेमके उलट, मालकाला कलम ३०खाली परवाना देता येतो असे ठरवले. एप्रिल २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पुन्हा नोंदणीचा आग्रह धरून नोंदणीकृत संस्थेच्या दरानेच पैसे घ्यावेत असा निर्देश दिला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली.

ठाणे आणि नवी मुंबई मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतात, त्यामुळे इथल्या स्टुडिओला २०२४चा निकाल लागू. पंचतारांकित हॉटेल हे सगळे वकिलाकडे सोपवते. वीस सायकलींचा स्टुडिओ चालवणारी ठाण्यातली बाई कोणाकडे सोपवणार? प्लेलिस्टमधले प्रत्येक गाणे कोणाच्या यादीत आहे हे तपासायचे, की सरसकट सगळ्यांचे परवाने घ्यायचे? एक खिडकी, एक दर आणि गाळ्याच्या आकारानुसार शुल्क, एवढी सोय कायद्याने करून दिली तर पैसे देणारे वाढतील, आणि ते पैसे गीतकारांपर्यंत पोचतील. आज मात्र कोर्टाची नोटीस हीच या कायद्याशी पहिली ओळख ठरते.

याच कायद्यात सोसायट्यांसाठी एक सवलत आहे, जी घोडबंदरच्या संकुलांना माहीत असायला हवी. निवासी इमारतीतल्या रहिवाशांच्या सामाईक वापराच्या बंदिस्त खोलीत, मुख्यतः रहिवाशांसाठीची सोय म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवले, तर कलम ५२नुसार तो हक्कभंग ठरत नाही. क्लबहाउसच्या जिममधला स्पीकर त्यात बसतो. पण बाहेरचा इन्स्ट्रक्टर येऊन शेजारच्या संकुलातल्या लोकांकडूनही फी घेऊन तिथे वर्ग चालवू लागला, तर ती सोय ‘मुख्यतः रहिवाशांसाठी’ उरते का, हे कमिटीने आधीच विचारलेले बरे.

ताजा बदल कराचा. जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, मात्र इनपुट क्रेडिट गेले. सायकली, स्पीकर, गाळ्याचे भाडे, संगीताचा परवाना यांवर भरलेला कर आता वजा करून मिळत नाही. त्यामुळे वर्गाची फी कराइतकी उतरली नाही, तर त्याचे कारण मालकाचा लोभ असेलच असे नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. नवख्यांना पहिल्याच जोरदार वर्गानंतर स्नायू विरघळण्याचा गंभीर त्रास झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मांड्या प्रमाणाबाहेर सुजल्या आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर घरी बाम चोळत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सीट कंबरेच्या हाडाच्या उंचीवर लावून घ्यावी, पहिले काही वर्ग नॉब हलका ठेवावा, आणि समोरून कितीही आरोळी आली तरी बसूनच चालवावे. चांगला इन्स्ट्रक्टर त्याला हरकत घेत नाही.