इटलीत खासदार ९४५ वरून ६०० कसे झाले? मागची सगळी गोष्ट

सप्टेंबर २०२० मध्ये इटलीत सार्वमत झालं आणि जवळपास ७० टक्के लोकांनी खासदार कमी करा असा कौल दिला. पण ही मागणी काही त्या वर्षी उगवलेली नाही, कित्येक वर्षं हे घोंगडं भिजत पडलं होतं.

१९४८ च्या राज्यघटनेत आकडा फिक्स नव्हताच, खालच्या सभागृहात ८० हजार लोकांमागे एक आणि सिनेटमध्ये २ लाखांमागे एक, म्हणजे लोकसंख्या वाढेल तसे खासदार वाढणार. १९६३ ला घटनादुरुस्ती करून ६३० आणि ३१५ ठरवून टाकले. ८० च्या दशकापासून कमी करायला कमिट्या बसल्या, हाती काही लागलं नाही. २००६ ला पंतप्रधान बर्लुस्कोनींच्या सरकारने केलेली घटनादुरुस्ती लोकांनी फेटाळली, २०१६ ला पंतप्रधान रेन्झींना सिनेट १०० वर आणायचं होतं तर ५९ टक्के नाही म्हणाले आणि रेन्झींनी राजीनामा दिला. माझ्या मते दोन्ही वेळा राग संख्या कमी करण्यावर नव्हताच, तिच्यासोबत बाकीचे बरेच बदल एकाच गाठोड्यात बांधले होते.

फाइव्ह स्टार मूव्हमेंट या पक्षाने ते गाठोडं सोडलं आणि फक्त संख्येचा प्रश्न ठेवला. ८ ऑक्टोबर २०१९ ला खालच्या सभागृहात ५५३ विरुद्ध १४ मतांनी पास! मग सार्वमत कशाला? तर घटनेच्या कलम १३८ प्रमाणे सार्वमत टाळायचं असेल तर दोन्ही सभागृहांत दुसऱ्या मतदानाला दोन तृतीयांश लागतात, आणि जुलैमध्ये सिनेटमध्ये ते मिळाले नव्हते कारण डेमोक्रॅटिक पार्टी तेव्हा विरोधात होती, सप्टेंबरात तीच फाइव्ह स्टारसोबत सरकारमध्ये आली आणि शेवटी बाजूने मत दिलं. ही फट धरून ७१ सिनेटरांनी सार्वमत मागितलं. तारीख २९ मार्च होती, कोरोनामुळे पुढे गेली.

प्रचारात पाच वर्षांत ५० कोटी युरो वाचतील असं सांगत होते, अर्थतज्ज्ञ कार्लो कोत्तारेल्लींच्या संस्थेच्या हिशोबात वर्षाला ५.७ कोटीच निघाले. पैशांपेक्षा मला छोट्या प्रांतांची जास्त काळजी वाटते. उंब्रिया आणि बाझिलिकाताचे सिनेटर ७ वरून ३ वर आले आणि २०२२ च्या निवडणुकीपासून तेवढ्यांवरच त्यांचं चाललंय.