जुन्या ॲनिमेशन विज्ञानमालिकेचा सिक्वेल चित्रपट

दूरचित्रवाणीवर गाजून बंद पडलेल्या ॲनिमेशन विज्ञानमालिकेची कथा काही वर्षांनी पूर्ण लांबीच्या चित्रपटातून पुढे नेण्याची पद्धत. कथा पहिल्यापासून नव्याने सांगणारा रिबूट आणि जुनेच भाग कापून-जोडून केलेला संकलनपट हे तिचे जवळचे नातेवाईक. सिक्वेलमध्ये मात्र काळ पुढे सरकलेला असतो, पात्रांचे वय वाढलेले असते आणि मूळ मालिकेत जे घडले ते घडून गेलेले मानले जाते. ही पद्धत जपानमध्ये १९७०च्या दशकाअखेरीस रुळली आणि पुढच्या दशकात अमेरिकेत पोचली. कोकणपट्टीत अशा मालिका आधी दूरदर्शनवर आणि मग केबलवर पाहत वाढलेली पिढी आज पस्तिशी ते पन्नाशीत आहे. या चित्रपटांशी तिचे नाते मुंबई-पुण्याच्या चाहत्यांहून थोडे निराळे आहे, म्हणून त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

मालिका अपुऱ्या का राहतात

सिक्वेलचे मूळ बहुतेक वेळा मालिकेच्या अपुरेपणात असते, आणि हे अपुरेपण कथेतून येत नाही, हिशेबातून येते. 'स्पेस बॅटलशिप यामाटो' ही एका अंतराळ युद्धनौकेची जपानी मालिका १९७४ मध्ये सुरू झाली. रविवारी संध्याकाळी त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर आल्प्सच्या डोंगरातली 'हायडी' लागत असे आणि घराघरांत तीच पाहिली जाई. प्रेक्षकसंख्या घसरल्यामुळे यामाटोचा पसारा आवरून ती २६ भागांत संपवावी लागली. पुनःप्रक्षेपणात मात्र तिला चाहते मिळाले. १९७७ मध्ये भाग जोडून केलेल्या संकलनपटाला गर्दी झाली आणि पुढच्याच वर्षी नवा सिक्वेल चित्रपट आला.

'मोबाइल सूट गुंडम'ची (१९७९) गोष्टही याच वळणाची. योजना ५२ भागांची होती. खेळण्यांच्या प्रायोजकाला विक्री दिसेना, म्हणून ४३ भागांवर पडदा पडला. मालिका संपल्यावर, १९८० मध्ये, बान्दाई कंपनीने तिच्यातल्या यंत्रमानवांचे जोडायचे प्लॅस्टिकचे नमुने बाजारात आणले आणि ते हातोहात खपले. मग १९८१-८२ मध्ये तीन संकलनपट आणि १९८८ मध्ये थेट चित्रपटगृहासाठी लिहिलेली पुढची कथा, असा क्रम लागला. दोन्ही उदाहरणांत आधी जुने पुन्हा दाखवले गेले, मग नवे आले. हा क्रम ज्यांनी पाळला नाही त्यांच्या वाट्याला काय आले, हे पुढे दिसेल.

रोबोटेक

या प्रकारातले सर्वांत बोधप्रद, आणि खरे सांगायचे तर सर्वांत गुंतागुंतीचे, प्रकरण 'रोबोटेक'चे आहे. अमेरिकेत रोज एक भाग दाखवणाऱ्या स्थानिक वाहिन्यांना मालिका विकायची तर निदान ६५ भाग हाताशी लागत. हार्मनी गोल्ड या कंपनीकडे तात्सुनोको या जपानी निर्मितिगृहाची 'मॅक्रॉस' होती, पण तिचे भाग ३६च. निर्माता कार्ल मेसेक याने तिला 'सदर्न क्रॉस' (२३ भाग) आणि 'मोस्पीडा' (२५ भाग) या एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या दोन मालिका जोडल्या, संवाद नव्याने लिहून तीन पिढ्यांचे एकच युद्ध रचले आणि सांधा जुळावा म्हणून एक भाग जुन्या चित्रफितींतून बनवला. अशी ८५ भागांची मालिका १९८५ मध्ये प्रसारित झाली. जोडकाम असूनही ती लोकांना भावली. पात्रे खरोखर मरत होती, प्रेमात पडत होती आणि कथा रोज पुढे जात होती. त्या काळच्या अमेरिकी कार्टूनमध्ये हे दुर्मीळ होते.

शेवट मात्र उघडा राहिला. पृथ्वी मुक्त झाली, पण मॅक्रॉसमधून आलेला नायक रिक हंटर ज्या जहाजावर होता ते परतलेच नाही. पुढची कथा सांगणारी 'सेंटिनेल्स' ही ६५ भागांची मालिका योजली होती. खेळणी अपेक्षेइतकी विकली गेली नाहीत, १९८५ नंतर येनच्या तुलनेत डॉलर घसरल्यामुळे जपानमध्ये चित्रे काढून घेणे महागले आणि काम पहिल्या काही भागांतच थांबले. तयार झालेले चित्रण १९८८ मध्ये व्हिडिओ कॅसेटवर काढण्यात आले. २००० मध्ये सगळे संगणकावर रंगवून 'रोबोटेक ३०००'ची झलक दाखवली गेली. चाहत्यांनी ती इतकी झिडकारली की प्रकल्पच गुंडाळावा लागला.

अखेर टॉमी यून यांच्या दिग्दर्शनाखाली 'शॅडो क्रॉनिकल्स' हा सिक्वेल चित्रपट आला. २००६ मध्ये तो महोत्सवांत दाखवला गेला आणि २००७ च्या सुरुवातीला डीव्हीडीवर निघाला. माणसे हाताने काढलेली आणि जहाजे संगणकावरची, असा त्यात मेळ घातला होता. १९८५ च्या मालिकेतले अनेक आवाज-कलाकार परत बोलावले होते. मालिकेच्या शेवटच्या लढाईपासूनच चित्रपट सुरू होतो. येथवर सगळे ठीक होते. अडचण कागदपत्रांची होती.

मॅक्रॉसच्या मालकीवरून जपानमध्ये खटले चालू होते. २००२ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने पात्रांची आणि यंत्रांची मूळ रेखाटने बिग वेस्ट आणि स्टुडिओ नुए या जपानी कंपन्यांची ठरवली. पुढच्या वर्षी मूळ मालिकेचे निर्मितिहक्क तात्सुनोकोचे असल्याचा निर्णय झाला. म्हणजे जुनी मालिका विकता येईल, पण तिच्यातली पात्रे नव्याने काढायला गेलात तर वाद, अशी कात्री. म्हणून चित्रपटाचा भार मोस्पीडाच्या आणि नव्या पात्रांवर टाकला गेला आणि ज्या रिक हंटरची वाट प्रेक्षक वीस वर्षे पाहत होते तो बदललेल्या चेहऱ्याने थोडा वेळ दिसून गेला. कोकणातल्या वाचकाला हे समजायला फार वेळ लागू नये. सातबाऱ्यावर बारा नावे असली की घराची कौलेसुद्धा बदलता येत नाहीत, घर कितीही लाडके असो.

चित्रपटाचा शेवट पुन्हा उघडाच ठेवला होता. पुढचा भाग जाहीर झाला आणि मागे पडला, कारण त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सने खऱ्या नटांच्या चित्रपटासाठी हक्क घेतले होते. बिग वेस्ट आणि हार्मनी गोल्ड यांच्यात समझोता झाला तो थेट एप्रिल २०२१ मध्ये.

मेलेल्यांना उठवणे

सिक्वेल लिहिणाऱ्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न मूळ कथेतल्या मृत्यूंचा. १९७८ च्या यामाटो चित्रपटात बहुतेक सगळी प्रमुख माणसे मरतात आणि जहाजही जाते. प्रेक्षक रडत बाहेर पडले, चित्रपट तुफान चालला, आणि निर्मात्यांना आपण कोंबडीच कापून बसल्याचे लक्षात आले. त्याच वर्षी सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेत तीच कथा पुन्हा सांगून नायक-नायिकेला जिवंत ठेवले गेले. १९८३ च्या चित्रपटात तर पहिल्या मालिकेच्या शेवटी वारलेला कप्तान ओकिता परत आणला. या गोष्टीने यामाटोच्या चाहत्यांत आजही भांडणे होतात. निर्माता योशिनोबु निशिझाकी आणि चित्रकार लेजी मात्सुमोतो यांच्यात कर्तेपणावरून न्यायालयात लढाई झाली. ती मिटल्यावर निशिझाकीने २००९ मध्ये स्वतःच्या दिग्दर्शनाखाली 'यामाटो रिसरेक्शन' काढला. २६ वर्षांनी आलेला हा सिक्वेल अपेक्षेइतका चालला नाही. उलट २०१२ पासून आलेले पहिल्या कथेचे नवे रूप, 'यामाटो २१९९', लोकांनी उचलून धरले. त्यात हिरोशी मियागावा यांचे जुने संगीत त्यांचा मुलगा अकिरा याने नव्याने वाजवून घेतले होते.

दूरचित्रवाणीवर मेलेल्यांना परत आणण्याची आपल्याकडची सर्वांत ठळक युक्ती सिंधुदुर्गातल्या आकेरी गावात चित्रित झालेल्या मराठी मालिकेत घडली. 'रात्रीस खेळ चाले' (२०१६) सुरू होते तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूने. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात निर्मात्यांनी कथा मागे नेली, म्हणून अण्णा उभेच्या उभे परत आले आणि पहिल्या पर्वापेक्षा जास्त गाजले. ही मालिका ॲनिमेशन नव्हे आणि विज्ञानकथाही नव्हे, पण ओकिताला उठवण्यापेक्षा ही वाट सरळ होती, यात शंका नाही.

ठरलेले आणि मोकळे

काय बदलले तर चालते आणि काय नाही, याचा अंदाज घ्यायला सिंधुदुर्गातला दशावतार उपयोगी पडतो. खेळाच्या आरंभी 'आड दशावतार' होतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, काळ्या वेषातला संकासुर. हे सगळे ठरलेले. त्यानंतरच्या आख्यानाला लिहिलेली संहिता नसते; नट उभ्या उभ्या संवाद रचतात. आख्यानात कोणी कितीही स्वैर गेले तरी प्रेक्षक खुशीत असतात, पण आड दशावतारात कोणी हात घातला तर गावकरी गप्प बसणार नाहीत. ॲनिमेशन मालिकेतही ठरलेला भाग असतोच: जहाजाचा आकार, शीर्षकगीत, मुख्य पात्रांचे आवाज आणि त्या जगाचे नियम. कथानक हे आख्यान. यामाटो २१९९ ने जहाज आणि संगीत राखून कथानकात भरपूर फेरफार केले आणि कोणी फारशी तक्रार केली नाही. रोबोटेक ३००० ने नेमके उलटे केले.

आवाजाचे महत्त्व 'जेट्सन्स' या भविष्यकाळातल्या कुटुंबाच्या अमेरिकी मालिकेवरच्या १९९० च्या चित्रपटात दिसले. १९६२ पासून कुटुंबप्रमुखाला आवाज देणारे जॉर्ज ओ'हॅन्लन आणि त्याच्या साहेबाचा आवाज असलेले मेल ब्लँक हे दोघेही ध्वनिमुद्रणाच्या काळात, १९८९ मध्ये, वारले. उरलेले काम जेफ बर्गमन यांनी त्यांच्या आवाजात पूर्ण केले आणि ते बहुतेकांच्या लक्षातही आले नाही. पण मुलीच्या भूमिकेसाठी तिचा मूळ आवाज असलेली जॅनेट वॉल्डो हयात असताना तिच्या जागी टिफनी ही पॉप गायिका घेतली, ते लोकांना खटकले. 'फ्युचुरामा' या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेने ही चूक टाळली: २००३ मध्ये बंद पडल्यावर २००७ ते २००९ दरम्यान तिचे चार चित्रपट थेट डीव्हीडीवर आले, तेही मूळ कलाकारांसह, आणि प्रत्येकाचे नंतर चार भाग करून ते दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. त्यातूनच २०१० मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली.

कोकणपट्टीतला प्रेक्षक

१९८४ नंतर दूरदर्शनची लघुशक्ती प्रक्षेपणकेंद्रे देशभर उभी राहिली, तरी त्यांचा पल्ला जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचा. घाटाखालच्या डोंगरांच्या आड वसलेल्या वाड्यांना बांबूवर अँटेना बांधून चित्र शोधावे लागे आणि पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की लाइट जाई. शेजारच्या पडवीत जमून पाहिलेला 'ही-मॅन' किंवा १९९३ चे 'जंगल बुक' हे असे तुकड्यातुकड्यांनी पाहिलेले असे. (जंगल बुकमध्ये शेरखानचा हिंदी आवाज नाना पाटेकरांचा, म्हणजे मुरुड-जंजिऱ्याच्या माणसाचा. त्या वाघाची जरब आठवत नाही असा त्या वयाचा माणूस विरळा.) गणपतीला चाकरमानी आले की व्हीसीआर भाड्याने आणला जाई, पण त्यावर मुलांच्या पसंतीला कोण विचारतो!

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले आणि तालुक्याच्या गावांत केबलवाल्यांमार्फत पोचले. त्यावरची 'स्वॅट कॅट्स' ही अमेरिकी मालिका दोन हंगामांतच, काही भाग अर्धवट असताना, बंद झालेली होती. भारतात ती पुन्हा पुन्हा दाखवली गेल्यामुळे इथल्या मुलांना ती बंद पडल्याचे कळलेच नाही. तेच भाग फिरून फिरून येत, आणि शेवटचा भाग आपलाच चुकला असावा अशी समजूत होई.

या प्रेक्षकासाठी पूर्ण झालेली मालिकासुद्धा अपुरीच असते. सिक्वेल चित्रपट मात्र सगळे पाहिलेल्यांसाठी लिहिलेला असतो; पहिल्या पाच मिनिटांत तो दहा नावे घेतो आणि पुढे निघतो. म्हणून यामाटो आणि गुंडमने धरलेला क्रम, आधी संकलनपट आणि मग सिक्वेल, कोकणासारख्या प्रदेशात जास्त शहाणपणाचा ठरतो. पाहण्याची सोय हा दुसरा अडसर. असे चित्रपट मोठ्या शहरांत मोजक्या खेळांसाठी लागतात. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना त्यासाठी पणजी गाठावी लागते, कणकवलीकर घाट चढून कोल्हापूरला जातात, आणि उरलेले मोबाइलवर येण्याची वाट पाहतात.

भाषेचे गणितही सुटलेले नाही. रामायणावरचा १९९३ चा भारत-जपान ॲनिमेशनपट जानेवारी २०२५ मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा तो इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूत होता, मराठीत नव्हता. ज्या किनाऱ्यावर मालवणी नाटक मुंबईपर्यंत धावते तिथे मराठी आवाजाला प्रेक्षक मिळणार नाही, हे पटण्याजोगे नाही.

स्वॅट कॅट्सच्या बाबतीत जनक ख्रिश्चन आणि इव्हॉन ट्रेम्बले या भावांनी २०१५ मध्ये चाहत्यांकडून वर्गणी गोळा करून पुनरुज्जीवनाची खटपट सुरू केली. २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमच्या टून्झ मीडिया ग्रुपने त्यांच्याबरोबर नवी मालिका करण्याची घोषणा केली. भारतात ही मालिका पुन्हा पुन्हा पाहिली गेली असल्यामुळे, कामाचा एक धागा केरळात येणे स्वाभाविक होते.